मायक्रोआरएनए, कोलेस्टेरॉल आणि फॅटी लिव्हर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. गोव्यात प्रौढांमध्ये मधुमेहाचे प्रमाण २६.४ टक्के, म्हणजे सगळ्या राज्यांत जास्त, तर देशाची सरासरी ११.४ टक्के. पेडण्यापासून काणकोणपर्यंत घरोघरी लिपिड प्रोफाइलचा रिपोर्ट असतोच. त्यात २०२४ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मायक्रोआरएनएच्या शोधाला मिळाले आणि चौकशी वाढली. प्रश्न दोन प्रकारच्या वाचकांचे असतात: एक रिपोर्ट हातात घेऊन बसलेले, दुसरे कॉलेजात प्रकल्प करणारे विज्ञानाचे विद्यार्थी. दोघांचीही उत्तरे इथे आहेत. प्रयोगशाळेचा भाग नको असेल त्यांनी तो खुशाल ओलांडून पुढे जावे.

मायक्रोआरएनए म्हणजे नेमके काय?

आरएनएचा साधारण २२ अक्षरांचा छोटा तुकडा. त्याच्यापासून प्रथिन बनत नाही. दुसऱ्या जनुकाचा निरोप घेऊन निघालेल्या संदेशवाहक आरएनएला तो चिकटतो आणि त्या निरोपातून बनणारे प्रथिन कमी करतो. पहिला मायक्रोआरएनए, लिन-४, १९९३ मध्ये सी. एलिगन्स नावाच्या जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या कृमीत सापडला. व्हिक्टर अ‍ॅम्ब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांचे ते काम. सुरुवातीला ही कृमीपुरती गंमत आहे असेच बहुतेकांना वाटले. २००० साली लेट-७ सापडला, आणि तो माणसासकट बहुतेक प्राण्यांत जवळजवळ जसाच्या तसा आहे असे दिसले, तेव्हा सगळे जागे झाले. मिरबेस या संग्रहाच्या २२व्या आवृत्तीत माणसाच्या १,९१७ पूर्वरूपांची नोंद आहे. प्रत्येकाला क्रमांक असतो. इथे आपण मिर-३३, मिर-१२२ असे लिहू.

पेशीत तो तयार कसा होतो?

डीएनएवरून आधी लांबलचक प्रत निघते. केंद्रकात ड्रोशा नावाचे विकर (एन्झाइम) ती कापून ६०-७० अक्षरांची, केसाच्या पिनेसारखी वळलेली गाठ उरवते. एक्सपोर्टिन-५ हे प्रथिन ती गाठ केंद्रकाबाहेर नेते, तिथे डायसर हे विकर तिचा वळणाचा भाग छाटतो आणि दुहेरी तुकडा उरतो. त्यातला एक धागा आर्गोनॉट प्रथिनात बसतो आणि दुसरा बहुधा नष्ट होतो. आर्गोनॉटमध्ये बसलेला धागा मग आपला निरोप शोधतो. जुळणीसाठी सर्वांत महत्त्वाची अक्षरे दुसरे ते आठवे. याला 'सीड' म्हणतात. बाकीची अक्षरे सैल जुळली तरी चालते.

ही सात अक्षरे लक्षात ठेवा. इतकी छोटी जुळणी पुरते, म्हणूनच एका मायक्रोआरएनएची शेकडो लक्ष्ये असतात. पुढे औषधांच्या बाबतीत जे जे अडले, त्याचे मूळ बरेचसे इथेच आहे.

म्हणजे तो जनुक बंद करतो का?

नाही. एका लक्ष्यावरचा परिणाम बहुतेक वेळा सौम्य असतो, प्रथिन निम्म्यावरही येत नाही. जोर येतो तो एकाच मार्गावरच्या चार-पाच प्रथिनांना एकाच वेळी थोडे थोडे खाली ओढल्यामुळे. चरबीचा चयापचय अशा सौम्य नियंत्रणाला फार दाद देतो, कारण त्यात साठवणे, जाळणे, बाहेर पाठवणे ही कामे सतत एकमेकांना तोलत असतात. 'अमुक मायक्रोआरएनए हा कोलेस्टेरॉलचा स्विच आहे' असे कुठे वाचलेत तर ते अतिरंजित समजा.

यकृतातला सर्वांत महत्त्वाचा मायक्रोआरएनए कोणता?

मिर-१२२. यकृतातल्या एकूण मायक्रोआरएनएपैकी सुमारे ७० टक्के तो एकटाच असतो आणि इतर अवयवांत तो नावापुरता आढळतो. २००५-०६ मध्ये उंदरांत त्याला अडवून पाहिले तेव्हा रक्तातले कोलेस्टेरॉल उतरले. २००८ मध्ये आफ्रिकन ग्रीन माकडांतही तेच घडले. ऐकायला छान वाटते, पण दोन गोष्टी आड आल्या. पहिली, 'वाईट' समजल्या जाणाऱ्या एलडीएलबरोबर 'चांगले' समजले जाणारे एचडीएलही उतरले. दुसरी जास्त गंभीर: ज्या उंदरांत मिर-१२२ जन्मापासून नव्हता त्यांच्या यकृतात आधी चरबी साठली, मग तंतुमयता (फायब्रोसिस) आली आणि शेवटी कर्करोग झाला. हे २०१२ मध्ये स्पष्ट झाले. यकृताची पेशी यकृतासारखी वागत राहावी यासाठीच मिर-१२२ लागतो. त्याला वर्षानुवर्षे दाबून ठेवणे हा कोलेस्टेरॉल उतरवण्याचा शहाणा मार्ग नव्हे.

याच रेणूची आणखी एक बाजू आहे. हिपॅटायटिस सी विषाणू आपली वाढ करायला मिर-१२२ चा आधार घेतो. तो आधार काढून घेणारे मिराव्हिर्सेन हे औषध माणसांवर तपासले गेले, आणि आठवड्याला एक याप्रमाणे पाच इंजेक्शनांनी विषाणूचे प्रमाण मात्रेनुसार खाली आल्याचे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतर विषाणूवर थेट काम करणाऱ्या गोळ्या आल्या आणि या औषधाची गरजच उरली नाही.

मिर-३३ ची एवढी चर्चा का?

कारण त्याची जागाच बोलकी आहे. पेशीत कोलेस्टेरॉल कमी पडले की एसआरईबीपी-२ हे प्रथिन कामाला लागते: कोलेस्टेरॉल बनवणारी जनुके चालू करते आणि रक्तातून एलडीएल आत ओढणारे ग्राहक (रिसेप्टर) वाढवते. या एसआरईबीपी-२ च्या जनुकाच्या आतच, सोळाव्या इंट्रॉनमध्ये (जनुकाच्या प्रथिनात न उतरणाऱ्या मधल्या भागात), मिर-३३ए बसलेला आहे. जनुक वाचले गेले की तोही आपोआप तयार होतो.

तो करतो काय? एबीसीए-१ हे प्रथिन पेशीतले जादा कोलेस्टेरॉल बाहेर काढून एचडीएलच्या हवाली करते. मिर-३३ त्याला कमी करतो. एकीकडून आवक वाढवायची आणि दुसरीकडून जावक रोखायची, ही दोन्ही कामे एकाच जनुकाच्या पोटातून होतात. २०१० मध्ये अनेक प्रयोगशाळांनी जवळजवळ एकाच वेळी हे दाखवले. पुढे असेही दिसले की चरबी जाळण्याच्या मार्गावरची सीपीटी१ए, क्रॉट आणि एचएडीएचबी ही प्रथिनेही तो खाली आणतो. टंचाई असताना काहीही वाया घालवायचे नाही, असा पेशीचा कारभार यातून दिसतो. जेवण तुटपुंजे असलेल्या काळात हा कारभार उपयोगी पडला असणार.

माणसात दुसरी प्रतही आहे: मिर-३३बी. ती एसआरईबीपी-१ च्या जनुकात सतराव्या इंट्रॉनमध्ये बसते. एसआरईबीपी-१ हे इन्सुलिनच्या इशाऱ्यावर चरबी बनवणाऱ्या मार्गाचे प्रथिन. इन्सुलिन सतत चढलेले असेल, जसे ते टाइप-२ मधुमेहाच्या आधीची अनेक वर्षे असते, तर चरबी बनणे वाढते आणि मिर-३३बी मुळे ती जाळणे व एचडीएल बनणे घटते. ट्रायग्लिसराइड जास्त आणि एचडीएल कमी हे आपल्याकडच्या रिपोर्टात जोडीने दिसणारे चित्र समजून घ्यायला याची मदत होते. ते एकट्या मिर-३३बी मुळे होते असे मात्र कोणी म्हणू नये.

मग मिर-३३ अडवणारे औषध अजून बाजारात का नाही?

उंदराला मिर-३३बी नसतोच. माणसासारख्या दोन्ही प्रती माकडांत असतात, म्हणून २०११ मध्ये ग्रीन माकडांवर प्रयोग झाला: १२ आठवड्यांत एचडीएल ५० टक्क्यांपर्यंत वाढले आणि यकृतातून निघणाऱ्या व्हीएलडीएल या चरबीच्या कणांमधले ट्रायग्लिसराइड उतरले. आशा वाढली. पण मिर-३३ जन्मतःच नसलेले उंदीर जास्त खातात, लठ्ठ होतात आणि त्यांचा इन्सुलिनला प्रतिसाद बिघडतो. एका प्रयोगात चरबीयुक्त आहारावरच्या उंदरांना बराच काळ मिर-३३-रोधक दिल्यावर यकृतात चरबी आणि रक्तात ट्रायग्लिसराइड वाढले. इतर काही प्रयोगांत असे झाले नाही. मात्रा, आहार, रेणूची रासायनिक घडण, यांपैकी कशाने फरक पडला यावर वाद राहिला.

आणखी एक अडचण या रेणूच्या बाहेरची आहे. नुसते एचडीएल वाढवून हृदयविकार टळत नाही हे टॉरसेट्रापिबने दाखवून दिले. त्या औषधाने एचडीएल भरपूर वाढले, पण मृत्यूही वाढले, आणि २००६ मध्ये चाचणी थांबवावी लागली. म्हणून मिर-३३ चा खरा कस एचडीएलच्या आकड्यावर लागणार नाही. धमनीच्या भिंतीतल्या मॅक्रोफेज (भक्षक) पेशी कोलेस्टेरॉल बाहेर टाकतात का, हे पाहावे लागेल. औषध तिथेच पोचवायचे आणि मेंदूला व चरबीच्या पेशींना त्याचा स्पर्श होऊ द्यायचा नाही, ही कसरत अजून चालू आहे.

कोलेस्टेरॉलशी संबंधित आणखी कोणते?

मिर-१४८ए यकृतावरचे एलडीएल-ग्राहक कमी करतो, त्यामुळे रक्तात एलडीएल रेंगाळते. मिर-३०सी ची गोष्ट वेगळी आहे: तो एमटीपी हे प्रथिन कमी करतो, म्हणजे यकृतातून चरबीचे कण कमी निघतात. एमटीपी औषधाने अडवले की न निघालेली चरबी यकृतातच साठते. मिर-३०सी मात्र चरबी बनणेही कमी करतो, म्हणून उंदरांत तो तोटा दिसला नाही. अनेक लक्ष्ये असणे नेहमीच वाईट नसते याचे हे आम्हाला सर्वांत आवडणारे उदाहरण.

मधुमेहात यांचा काय भाग?

मिर-३७५ स्वादुपिंडाच्या बीटा पेशींत भरपूर असतो. २००४ मध्ये दिसले की तो वाढवला तर ग्लुकोजला प्रतिसाद म्हणून सुटणारे इन्सुलिन कमी होते. त्यावरून तो काढून टाकला तर मधुमेह सुधारेल असे वाटेल, पण तो नसलेल्या उंदरांत बीटा पेशीच कमी भरल्या आणि साखर चढली. मिर-१०३ आणि मिर-१०७ लठ्ठ उंदरांच्या यकृतात वाढलेले असतात. त्यांना अडवले की चरबीच्या पेशींत कॅव्हिओलिन-१ हे प्रथिन वाढते आणि इन्सुलिनचा ग्राहक नीट काम करतो. मिर-८०२ लठ्ठपणात वाढून यकृताचा इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद बिघडवतो.

फॅटी लिव्हरमध्ये रक्तातला मिर-१२२ वाढतो म्हणतात, मग यकृतात तो जास्त असतो का?

उलट. आजार वाढतो तसा यकृताच्या ऊतीतला मिर-१२२ घटत जातो, आणि दुखावलेल्या पेशींतून गळाल्यामुळे रक्तातला वाढतो. विद्यार्थ्यांच्या सादरीकरणात इथे हमखास गोंधळ होतो. रक्तातला आकडा बघून ऊतीबद्दल बोलू नये.

रक्तातला मिर-१२२ एसजीपीटीच्या (यकृताची पेशी दुखावली की रक्तात वाढणाऱ्या विकराच्या) बरोबरीने चढ-उतार करतो, म्हणून नेहमीच्या तपासणीत तो फारशी नवी माहिती देत नाही. मिर-३४ए जरा जास्त उपयोगी दिसतो. तो यकृतात चयापचय सांभाळणारे सर्ट-१ हे प्रथिन कमी करतो आणि दाह असलेल्या फॅटी लिव्हरमध्ये वाढतो. एनआयएस४ नावाच्या तपासणी-संचात मिर-३४ए, अल्फा-२ मॅक्रोग्लोब्युलिन, वायकेएल-४० आणि एचबीए१सी (सुमारे तीन महिन्यांची सरासरी साखर) असे चार घटक एकत्र मोजतात. म्हणजे त्यातही मायक्रोआरएनए एकटा पुरलेला नाही.

चरबीच्या पेशी मायक्रोआरएनए रक्तात सोडतात हे खरे का?

हो. २०१७ मध्ये उंदरांवर झालेल्या कामात चरबीच्या पेशींतला डायसर काढून टाकला, तर रक्तातल्या एक्सोसोम या सूक्ष्म पुटिकांमधले बरेचसे मायक्रोआरएनए नाहीसे झाले. निरोगी तपकिरी चरबीचे रोपण केल्यावर त्यातले पुष्कळ परत आले आणि साखर हाताळण्याची क्षमताही सुधारली. चरबी ही नुसती साठवण नाही, ती दूरच्या यकृताशी बोलते. एचडीएलचे कणही मायक्रोआरएनए वाहून नेतात.

उकड्या भातातला मायक्रोआरएनए कोलेस्टेरॉल वाढवतो असा निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो. भात सोडायचा का?

त्यासाठी भात सोडण्याचे काही कारण नाही. या निरोपाच्या मुळाशी एक खरा शोधनिबंध आहे. २०११ मध्ये ऑनलाइन आलेल्या त्या निबंधात म्हटले होते की तांदळातला मिर-१६८ए जेवणातून रक्तात येतो, उंदराच्या यकृतात एलडीएलआरएपी-१ हे प्रथिन कमी करतो आणि एलडीएल वाढवतो. दावा मोठा होता, म्हणून इतरांनी तो पुन्हा करून पाहिला. २०१३ मध्ये उंदरांना तांदूळ खाऊ घालून केलेल्या प्रयोगात वनस्पतीचा मायक्रोआरएनए रक्तात वा यकृतात मोजण्याइतका सापडला नाही. एलडीएल वाढण्याचे कारण आहारातला पोषणाचा असमतोल हे जास्त पटण्यासारखे निघाले. इतर गटांनाही प्राण्यांच्या रक्तात असे रेणू दखल घेण्याइतके मिळाले नाहीत. मोजमापाच्या अगदी तळाशी आलेला संकेत बहुधा भेसळीचा असतो.

भाताचा खरा प्रश्न त्यातल्या पिठूळ पदार्थांचा आणि वाढून घेतलेल्या प्रमाणाचा आहे. तेवढाच विचार खोबरेल तेलाचा करा: एका मोठ्या चमच्यात सुमारे ११-१२ ग्रॅम संपृक्त मेद असतो, आणि २,००० कॅलरींच्या आहारात दिवसाची वरची मर्यादा साधारण २२ ग्रॅम. हुमणातला (माशांच्या कालवणातला) नारळाचा रस त्यात वेगळा धरायचा. बांगडा आणि तारले सोडू नका, पण तळण्यापेक्षा हुमणात घालून खा.

फेणीचे काय?

फेणीत साधारण ४२-४३ टक्के अल्कोहोल असते, म्हणजे ६० मिलिलिटरमध्ये सुमारे २० ग्रॅम. चयापचयाशी निगडित फॅटी लिव्हरचे निदान करताना पुरुषांना दिवसाला ३० ग्रॅम आणि बायकांना २० ग्रॅम ही सीमा धरतात. त्यापुढे दारूचाही वाटा मानावा लागतो. रोज ९० मिलिलिटर फेणी घेणारा पुरुष त्या रेषेवरच उभा असतो. डॉक्टरांना खरे प्रमाण सांगा, कारण निदानाचे नाव आणि पुढची दिशा त्यावरून ठरते.

स्टॅटिन घेतल्याने मिर-३३ वाढतो का?

पेशींमध्ये वाढतो. स्टॅटिनने पेशीतले कोलेस्टेरॉल बनणे कमी होते, एसआरईबीपी-२ चालू होते, एलडीएल-ग्राहक वाढतात (औषधाचा फायदा यातूनच होतो) आणि सोबत मिर-३३ए ही येतो. स्टॅटिनने एचडीएल फारसे का वाढत नाही याचा एक धागा इथे असू शकेल. यावरून गोळी बंद करू नका. स्टॅटिनने हृदयविकाराचे झटके कमी होतात हे हजारो रुग्णांच्या चाचण्यांतून सिद्ध झालेले आहे, आणि पेशीतला एखादा रेणू वाढला म्हणून तो फायदा पुसला जात नाही.

मायक्रोआरएनएची रक्ततपासणी करून घ्यावी का?

कोलेस्टेरॉल, मधुमेह किंवा फॅटी लिव्हरसाठी आज तरी नको. तिच्या निकालावरून तुमच्या उपचारात काहीही बदलणार नाही. तेच पैसे लिपिड प्रोफाइल, एचबीए१सी, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट मोजणीला वापरा. कंबर मोजायला तर टेप पुरतो: आपल्या लोकांत पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंटिमीटरची मर्यादा आहे. सणासुदीत, विशेषतः चवथीत, नेवऱ्या खाऊन दुसऱ्या दिवशी रक्त दिले तर ट्रायग्लिसराइड फुगलेले दिसेल. ते ४०० च्या वर गेले तर सूत्राने काढलेला एलडीएलचा आकडा धरू नये. उपाशीपोटी पुन्हा तपासा किंवा एलडीएल थेट मोजून घ्या.

यकृतातल्या तंतुमयतेचा अंदाज घरी कागदावर काढता येतो. एफआयबी-४ चे सूत्र: वय गुणिले एसजीओटी, भागिले (प्लेटलेट हजारांत गुणिले एसजीपीटीचे वर्गमूळ). वय ५२, एसजीओटी ४८, एसजीपीटी ६४, प्लेटलेट २,१०,००० असतील तर वर २,४९६ आणि खाली २१० गुणिले ८ म्हणजे १,६८०. उत्तर १.४९. आकडा १.३ च्या खाली असेल तर धोका कमी, २.६७ च्या वर असेल तर यकृततज्ज्ञांकडे जा, मधे असेल तर इलास्टोग्राफी (यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी) करून घ्या. वय ६५ च्या पुढे असेल तर खालची रेषा २.० धरतात. प्लेटलेट लाखांत लिहिलेल्या असतील तर हजारांत करून घ्यायला विसरू नका, नाहीतर उत्तर शंभरपट चुकते.

प्रकल्पासाठी रक्ताचा नमुना कसा घ्यावा?

बहुतेक प्रकल्प पीसीआरच्या (प्रती वाढवून रेणू मोजण्याच्या पद्धतीच्या) आधीच, नमुन्याच्या टप्प्यावर बिघडतात.

ईडीटीएची, म्हणजे जांभळ्या बुचाची नळी घ्या. हिरव्या बुचाच्या नळीत हेपॅरिन असते, ते पीसीआर अडवते आणि शुद्धीकरणात पूर्ण निघत नाही. सीरम आणि प्लाझ्मा यांचे आकडे एकत्र करू नका, कारण रक्त गोठताना प्लेटलेट आपले मायक्रोआरएनए सोडतात. सुई बारीक नको, सिरिंज जोरात ओढू नका, आणि नळी हलवण्याऐवजी आठ-दहा वेळा हळू उलटी-सुलटी करा.

रक्त काढल्यापासून दोन तासांत प्लाझ्मा वेगळा करा. वाळपई किंवा काणकोणहून नमुना बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात आणायचा असेल तर हे वेळापत्रक आधी जुळवा. अख्खे रक्त गोठलेल्या आइसपॅकला टेकवून ठेवू नका, तांबड्या पेशी गोठून फुटतात. प्लाझ्मा तिथेच वेगळा करून तो गार आणणे उत्तम.

सेंट्रिफ्यूजमध्ये पहिले फिरवणे २,००० जी (गुरुत्वाकर्षणाच्या २,००० पट) वर १० मिनिटे. वरचा प्लाझ्मा काढताना पांढऱ्या थरावर अर्धा सेंटिमीटर तसाच सोडा. तो प्लाझ्मा नव्या नळीत घेऊन १०,००० जी वर आणखी १० मिनिटे फिरवा, म्हणजे प्लेटलेट तळाशी बसतील, आणि तळाचे १०० मायक्रोलिटर सोडून द्या. २०० मायक्रोलिटरचे वाटे करून उणे ८० अंशाला ठेवा. एक वाटा एकदाच वितळवा.

इथे 'जी' आणि फेऱ्यांची गल्लत फार होते. सूत्र: जी = ०.००००१११८ गुणिले त्रिज्या (सेंटिमीटर) गुणिले फेऱ्यांचा वर्ग. १० सेंटिमीटर त्रिज्येच्या रोटरवर ३,००० फेऱ्यांना जेमतेम १,००६ जी मिळतात. २,००० जी साठी सुमारे ४,२३० फेऱ्या लागतात. अहवालात फेऱ्या लिहू नका, जी लिहा.

नमुन्यात तांबड्या पेशी फुटल्या आहेत हे कसे ओळखावे?

गुलाबी झाक दिसली तर उशीरच झालेला असतो. ४१४ नॅनोमीटरवर शोषण मोजा, ०.२ च्या वर गेले तर शंका घ्या. पीसीआरमध्ये मिर-२३ए च्या सीटीतून (संकेत दिसेपर्यंत लागलेली आवर्तने; रेणू जास्त तितका आकडा कमी) मिर-४५१ए चा सीटी वजा करा. मिर-४५१ए तांबड्या पेशींत ठासून भरलेला असतो, मिर-२३ए वर फुटण्याचा परिणाम होत नाही. फरक ५ पर्यंत ठीक, ५ ते ७ सावध, ७ च्या पुढे नमुना बाद. मिर-२३ए चा सीटी २६ आणि मिर-४५१ए चा १८ आला तर फरक ८. तो नमुना कितीही कष्टाने मिळाला असला तरी टाकून द्या. असा नमुना ठेवला की मिर-१६ 'वाढलेला' दिसतो आणि सगळे गुणोत्तर फसते.

आरएनए मोजताना काय चुकते?

प्लाझ्मातून निघणारा आरएनए इतका कमी असतो की नॅनोड्रॉप या मोजणी-यंत्राचा आकडा भरवशाचा नसतो. म्हणून आरएनएच्या वजनाऐवजी प्लाझ्माचे आकारमान सगळ्या नमुन्यांत सारखे ठेवा. शुद्धीकरण तपासायला बाहेरून घालायचा सेल-मिर-३९ (सी. एलिगन्स कृमीचा मायक्रोआरएनए) प्रथिने मोडणारे लायसिस द्रावण घातल्यानंतरच मिसळा. आधी मिसळला तर प्लाझ्मातली आरएनए कापणारी विकरे त्याला क्षणात खातात, आणि मग शुद्धीकरण चुकले की मिसळणे चुकले हे कळत नाही. तुलनेसाठी धरला जाणारा यू-६ हा आरएनए ऊतीसाठी ठीक, प्लाझ्मासाठी नको. सीटी ३५ च्या पुढचा आकडा 'आढळला नाही' असाच लिहा.

संगणकाने लक्ष्य सुचवले, तेवढे पुरे का?

पुरे नाही. टार्गेटस्कॅन हा लक्ष्ये सुचवणारा प्रोग्रॅम शेकडो नावे देतो. निवडलेल्या जनुकाचा शेवटचा, प्रथिनात न उतरणारा भाग ल्युसिफरेज या प्रकाश देणाऱ्या विकराच्या जनुकाला जोडा आणि मायक्रोआरएनए दिल्यावर प्रकाश कमी होतो का पाहा. मग सीडशी जुळणारी दोन-तीन अक्षरे बदला. आता प्रकाश कमी होता कामा नये. हे नियंत्रण नसलेला आलेख आम्ही ग्राह्य धरत नाही. कृत्रिम मायक्रोआरएनए ५-२० नॅनोमोलर पुरतो. १०० नॅनोमोलर दिला तर तो आर्गोनॉटमधून पेशीचे स्वतःचे मायक्रोआरएनए हुसकावतो आणि भलतेच बदल दिसतात. रोधक देऊन प्रथिन उलट वाढते का, हेही पाहायलाच हवे.

पेशींची निवडही महत्त्वाची. प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या यकृत-पेशींपैकी हेपजी-२ मध्ये मिर-१२२ नगण्य असतो, एचयूएच-७ मध्ये भरपूर. मिर-१२२ अडवण्याचा प्रयोग हेपजी-२ वर केला तर हाती काही लागणार नाही. मिर-३३बी साठी उंदराच्या पेशी चालत नाहीत. मिर-३३ए वाढवायचा असेल तर लिपोप्रोटीन काढलेला सीरम वापरा, कारण नेहमीच्या सीरममधल्या कोलेस्टेरॉलमुळे एसआरईबीपी-२ गप्प राहते.

मायक्रोआरएनएवर आधारित एखादे औषध मंजूर आहे का?

चयापचयाच्या आजारांसाठी एकही नाही. मिर-१२२ अडवणारे आरजी-१०१ काही रुग्णांना कावीळ झाल्याने २०१६ मध्ये रोखले गेले. मिर-३४ए ची नक्कल करणारे एमआरएक्स-३४ कर्करोगासाठी होते, तेही त्याच वर्षी प्रतिकारशक्तीच्या गंभीर दुष्परिणामांमुळे थांबले. मिर-१०३/१०७ अडवणारे आरजी-१२५ फॅटी लिव्हरसाठी माणसांत पोचले आणि पुढे सोडून दिले गेले.

इनक्लिसिरान हे तसलेच ना?

नाही. एलडीएल उतरवणारे हे औषध एसआयआरएनए, म्हणजे एक ठरावीक निरोप नष्ट करायला बनवलेला छोटा आरएनए, आहे. आर्गोनॉट तेच वापरते, पण पूर्ण लांबीने जुळते आणि मुद्दाम एकाच निरोपावर, एलडीएल-ग्राहक नष्ट करवणाऱ्या पीसीएसके-९ वर, रोखलेले असते. २८४ मिलिग्रॅमचे इंजेक्शन आज, तीन महिन्यांनी आणि मग दर सहा महिन्यांनी. एलडीएल सुमारे निम्म्यावर येते. साखरेचा गॅलनॅक हा तुकडा जोडल्यामुळे ते थेट यकृतात जाते. स्टॅटिन सोसत नसेल किंवा पुरत नसेल तर हृदयरोगतज्ज्ञांकडे याची चौकशी जरूर करा.

वडिलांना चाळिशीत झटका आला होता, माझे एलडीएल २१०. यात मायक्रोआरएनए शोधावा का?

आधी आनुवंशिक हायपरकोलेस्टेरोलेमिया शोधा. एलडीएल १९० च्या वर आणि घरात लवकर आलेला हृदयविकार, ही त्याचीच खूण. दोष बहुधा एलडीएल-ग्राहकाच्या जनुकात असतो, कधी अपोबी (एलडीएल कणाचे प्रथिन) किंवा पीसीएसके-९ मध्ये. थायरॉइड आणि लघवीतले प्रथिन तपासून इतर कारणे वगळा, मग उपचार लगेच सुरू करा. आईवडिलांपैकी एकाला हा दोष असेल तर प्रत्येक मुलात तो येण्याची शक्यता निम्मी असते, म्हणून भावंडांचे आणि मुलांचेही लिपिड प्रोफाइल याच महिन्यात करून घ्या. मूल दहा वर्षांचे असले तरी.